लाल गाडीची डावी बाजू

आमचं घर आणि आमचं दुकान यांच्यामध्ये एकच पत्रा होता. पत्र्याच्या अलीकडे आई भाकरी थापायची, पलीकडे आप्पा गाड्यांचे दरवाजे ठोकायचे, आणि या दोन आवाजांच्या मधोमध मी लहानाची मोठी झाले. शिरूरात घोड नदीच्या पुलाच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून ही आमची जागा. आप्पा डेंटर. कुठं जीप झाडावर गेली, कुठं टेम्पो बैलगाडीला घासला, की तो चेपलेला पत्रा आमच्या दारात यायचा आणि आप्पा तो ठोकून ठोकून होता तसा करून द्यायचे. दुकानात भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली हातोड्यांची ओळ, आणि सगळ्यावर प्रायमरची करडी धूळ. आमच्या आमटीलासुद्धा थिनरचा वास यायचा. पाहुणे पहिला घास घेतला की एकमेकांकडे बघायचे. आम्हाला तो वास कधी आलाच नाही.

आप्पांची एक पद्धत होती, ती मी दुसऱ्या कुठल्या गॅरेजात पाहिली नाही. काम संपलं, पुट्टी घासून झाली, प्रायमर वाळला, की ते पत्र्यावर टकटक करायचे आणि आईला हाक मारायचे. आई पिठाचे हात धुऊन, पदराला पुसून यायची. तिच्या कमरेला धोतराचं एक मऊ फडकं खोचलेलं असायचं. ते ती पत्र्यावर टाकायची, त्यावर तळहात ठेवायची, डोळे मिटायची आणि हात सावकाश वरून खाली न्यायची. डोळ्याला न दिसणारी लाटसुद्धा तिच्या हाताला लागायची. जन्मभर भाकऱ्या थापलेला हात तो, कडेला जाड आणि मधे पातळ हे त्याला कुणी शिकवायला नको. लाट लागली की म्हणायची, "बोलतंय." मग आप्पा मुकाट्यानं पुन्हा हातोडी उचलायचे. सगळं सपाट असलं की म्हणायची, "गप हाय." तो शब्द आल्याशिवाय आमच्या दुकानातून गाडी बाहेर गेली नाही, मग गिऱ्हाईक कितीही तणतणो.

मी आईबापांची एकुलती एक. भाऊ नाही म्हणून लोक आप्पांना काय काय ऐकवायचे, पोरीच्या हातात हातोडी शोभते का म्हणायचे. आप्पा तोंडात खिळे धरल्यासारखे गप्प राहायचे आणि मला पुढचं काम सांगायचे. शाळेत असताना पाण्याच्या पॉलिशपेपरनं घासायला लागले, एकोणिसाव्या वर्षी दरवाजे आणि बॉनेट मी एकटी काढत होते. कोपरा मात्र आप्पांचा. गाडीचा मागचा कोपरा, जिथं तीन बाजूंचे गोलवे एकमेकांत मिळतात, तो ते मला करू देत नव्हते. त्यासाठी त्यांची चिंचेच्या लाकडाची मोगरी होती, गोल डोक्याचा लाकडी हातोडा, त्यांच्या उस्तादानं दिलेला. मोगरी माझ्या हातात दिली की कोपरा माझा, म्हणजे दुकान माझं, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. लग्नाची स्थळं यायची त्या वयात मी त्या लाकडाच्या तुकड्याकडे बघत बसायचे, आता सांगताना हसू येतं. तेव्हा अजिबात येत नव्हतं.

आणि मग नंदा आली. नंदा माझी आतेबहीण, आप्पांच्या थोरल्या बहिणीची मुलगी, दौंडची. तिचे वडील रेल्वेत होते. दहावीनंतर ती कुरकुंभला एका लहानशा कारखान्यात लागली, तिथं केमिकल साठवायच्या फायबरच्या टाक्या बनायच्या. पाच वर्षं तिनं तिथं काचेच्या धाग्यांची मॅट कापली आणि तिला चिकट रेझिन लावलं. कारखाना बंद पडला तशी आत्यानं तिला आमच्याकडे पाठवून दिलं, घरात बसून झुरण्यापेक्षा मामाकडे बरी म्हणून. दोन पिशव्या घेऊन आली. एकीत कपडे आणि दुसरीत ब्रश, एक लोखंडी रोलर, मेणाचा डबा आणि बाटल्यांची झाकणं. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, माझ्यापेक्षा उजळ, आणि हळू बोलणारी. हळू बोलणाऱ्या माणसांचा मला आधीपासून राग आहे.

पहिल्याच दिवशी आईनं तव्यावरची पहिली टम्म फुगलेली भाकरी तिच्या ताटात टाकली. ती भाकरी माझी असायची, कुणी ठरवलेलं नव्हतं, पण माझी असायची. "पाव्हनी हाय गं," आई म्हणाली. ठीक आहे, पहिला दिवस. आठव्या दिवशी पण पहिली भाकरी तिलाच, तेव्हा मी म्हटलं, "पाव्हणी कवा जानार हाय?" आईनं असं बघितलं की मी खाली मान घालून जेवले. माझ्या बोटांची पॉलिशपेपरानं सालपटं निघायची तेव्हा आई म्हणायची, कामाचा हात असाच असतो. नंदाच्या हाताला काचेच्या मॅटची खाज सुटली तर आईनं स्वतः खोबरेल तेल चोळून दिलं. मी दारात उभी राहून ते बघितलं. लहान मुलासारखं वाटत होतं की जाऊन दोघींच्या मधे बसावं, आणि एकोणीस वर्षांच्या घोडीला ते करता येत नाही म्हणून आणखी राग येत होता. मी जळत होते, दुसरा शब्द नाही त्याला.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाला लाल गाडी आली. मांडवगण फराट्याच्या एका बड्या बागायतदाराचा मुलगा, वय पंचवीस, पण सगळे त्याला बापू म्हणायचे आणि अहोजाहो करायचे, म्हणून आम्हीही. मुंबईच्या कुणा हौशी माणसानं परदेशातून आणलेली ती दोन दारांची स्पोर्ट्स कार बापूंनी जुनी घेतली होती. इतकी बुटकी की गतिरोधक आला की ते उतरायचे आणि दोन माणसं गाडी तिरकी काढायची. आमच्या दारात ती उभी राहिली तेव्हा एसटीतले लोक खिडकीतून वाकून बघत गेले. बापूंनी डिकीतून एक खोका काढला. आत चार गोल टेललाईट, गडद लाल, हातात धरलं तर आत काचेचे बारीक पैलू. त्याच गाडीच्या पुढच्या मॉडेलला तसले दिवे होते आणि मागची बाजू रुंद, भरलेली होती. बापूंच्या गाडीला मागं चपटे चौकोनी दिवे. त्यांना मागची सगळी बाजू नव्या मॉडेलसारखी हवी होती, बंपरसकट, आणि ती पण त्यांच्या साखरपुड्याच्या आत.

"आन् पुढनं वो?" आप्पांनी विचारलं.

"पुढनं ऱ्हाऊ द्या जुनी," बापू म्हणाले. "पुढनं बघनार कोन? मी सगळ्यांच्या पुढंच असनार की."

आप्पा सहसा हसत नाहीत, त्या दिवशी हसले. काम घेतलं. चौकोनी दिवे काढले, भोकं मोठी कापली, आणि गोल दिवे बसतील अशा खोलगट वाट्या पत्र्यातून ठोकायला बसले. पत्रा परदेशी, पातळ. वेल्डिंगची आच लागली की पापडासारखा वर यायचा, ठोकला की दुसरीकडे फुगायचा. चार दिवस आप्पांनी झटापट केली. आईनं हात ठेवला की "बोलतंय", पुन्हा ठेवला की "लई बोलतंय". पाचव्या दिवशी आप्पा मोगरी मांडीवर ठेवून नुसते बसून राहिले. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात नंदा आतून चहा घेऊन आली आणि कप ठेवता ठेवता म्हणाली, "मामा, पत्र्यात कशाला जीव घालताय? फायबरमधी करू की. टाकीचं तोंड करतो तसंच हाय हे."

दोन दिवसांत दुकान तिचं झालं. तिनं पुठ्ठ्याचे छाप कापले, प्लास्टरचा साचा केला, तो घासून गुळगुळीत केला, मेण लावून चकचकीत केला. म्हणाली, साचा जसा तसा माल, आधी साच्याला हात फिरवून घ्यायचा. मग मॅटचे तुकडे, त्यावर रेझिन, वरून रोलर. दोन थर दिले की थांबायची, घट्ट होताना तापलेलं रेझिन थंड होऊ द्यायची, मग पुढचे दोन. आप्पा शेजारी उकिडवे बसून बघायचे, सत्तावीस वर्षं हातोडी चालवलेला माणूस एका पोरीला विचारायचा, "आता का थांबलीस? हे कशानं घट्ट व्हतं?" आणि ती हळू आवाजात सांगायची. मला आप्पांनी कधी काही विचारलं नव्हतं. मला फक्त सांगितलं होतं.

मी तोंड उघडलं. मी म्हटलं, "आप्पा, मला पण येतं हे." येत नव्हतं. आप्पांनी आम्हा दोघींकडे बघितलं, मोगरीकडे बघितलं आणि म्हणाले, "मग असं करू. उजवी बाजू नंदाची. मंगल, डावी तुझी. तिच्याकडनं शिकून घे. तुझी आई हात फिरवंल. जिचा कोपरा गप, तिच्या हातात हिथनं पुढं मोगरी. माझे खांदे आता ऐकत न्हाईत." नंदानं मान हलवली. मला वाटलं, माझ्या डोळ्यांदेखत माझं घर कुणीतरी दोन वाट्यांत कापतंय आणि मोठा वाटा कुणाचा ते ठरलेलं आहे.

शिकून घे म्हणाले होते, पण मी तिला एक अक्षर विचारलं नाही. विचारायचं म्हणजे तिला येतं हे कबूल करायचं. मी चोरून बघायचे. पाणी भरता भरता, झाडता झाडता, पत्र्याच्या फटीतून. रेझिन घट्ट व्हावं म्हणून ती एका मगाला हार्डनरचं एक झाकण घालते हे मी पाहून ठेवलं. निळं झाकण, काठोकाठ. मॅटचे किती तुकडे ते मोजले. साचा मी माझा माझा केला, आणि तो चांगला झाला होता, हे मी आजही म्हणेन. पत्र्यात घडलेली नजर होती माझी. नंदा एकदा जवळ आली आणि म्हणाली, "मंगल, हार्डनरचं तेवढं बघ हां, ऊन वाढलंय." मी म्हटलं, "मला म्हाईत हाय." ती गेली. बघा, सांगायला आली होती ती. माझ्या आयुष्यात मला कुणी इतक्या सरळ हातानं काही दिलं नसेल आणि मी ते इतक्या सरळ हातानं फेकलं नसेल.

तो बाजाराचा दिवस होता. आईला तळेगाव ढमढेऱ्याला मावशीकडे जायचं होतं, येताना तिथल्या बाजारातून मिरच्या आणि भाजी आणायची होती, आणि पिशव्या धरायला मी. आप्पा एका टेम्पोच्या कामाला बाहेरगावी गेलेले. मी सकाळी लवकर उठून माझा तुकडा ओतला. तिच्यासारखंच एक निळं झाकण शोधून ठेवलं होतं, ते काठोकाठ भरून हार्डनर घातलं, सगळे थर एकावर एक देऊन टाकले, जीप चुकायला नको म्हणून. वरचा थर जरा घट्ट व्हायला लागला तसं खिळ्यानं मागच्या बाजूला 'मं' कोरलं. कुणी अदलाबदल केली तर कळावं म्हणून. तेव्हा माझ्या डोक्यात अदलाबदलीचेच विचार होते. मग मी केस विंचरले, चांगली साडी नेसले आणि निघाले. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून मी आईशी इतकं बोलले की आई म्हणाली, "आज काय झालंय गं तुला?" बाजारात मी हिरव्या बांगड्या घेतल्या. मावशीकडे पिठलं आणि ठेचा खाल्ला, दोनदा वाढून घेतला.

संध्याकाळी परत आलो तर माझा तुकडा साच्यातून काढून बाजेवर ठेवलेला. साच्याचे तुकडे कोपऱ्यात झाडून गोळा केलेले. माझं टाळकंच फिरलं. "माझ्या कामाला हात कुनी लावायला सांगितला तुला?" मी नंदाला म्हटलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, "निघत नव्हता, उन्हात चिकटला आसता. साचा फुटला, फुटतोच तो." मी आणखी चार शब्द सुनावले, आमच्या घरात आमच्या वस्तूंना विचारल्याशिवाय हात लावत नाहीत असं काहीतरी. ती ऐकून घेत राहिली, तिच्या हातांना कोपरापर्यंत प्लास्टर लागलेलं होतं. ते मी बघितलं. बघितलं, आणि साचा फोडताना लागलं असेल असं मनाला सांगितलं. मग तुकडा उचलून पाहिला. काय वळण होतं त्याचं, काय गोलवा. उलटा केला, मागं 'मं'. मी तो छातीशी धरून दुकानात दोन फेऱ्या मारल्या.

आप्पांनी दोन्ही तुकडे गाडीला बसवले, मधला बंपर नंदानं केलेला, सांधे भरले, पातळ प्रायमर मारला. कोपऱ्यांना पुट्टी लागलीच नाही. बापू आले होते, शेजारचा टायरवाला, पानवाला, सगळे जमले. आप्पांनी टकटक केली. आई आली. आधी उजवीकडे फडकं टाकलं, डोळे मिटले, हात वरून खाली, दिव्याच्या वाटीत, परत कडेला. "गप हाय." मग डावीकडे. आईचा हात खाली गेला आणि थांबला. परत वर आला. मग ती उठून पुन्हा उजवीकडे गेली, तिथं हात ठेवला, पुन्हा डावीकडे आली. कपाळावर एक आठी. शेवटी डोळे उघडून म्हणाली, "ही पन गप हाय." आणि फडकं घडी करत कुणाकडे न बघता आत गेली.

आप्पांनी घसा खाकरला. म्हणाले, "नंदाचं तर हे रोजचं काम. पन माझ्या पोरीनं पंधरा दिवसांत तिची बरोबरी केली." आणि सगळ्यांच्या देखत मोगरी माझ्या हातात दिली. टायरवाल्यानं टाळी वाजवली. मी नंदाकडे पाहिलं, मुद्दाम पाहिलं, पोटभर पाहिलं. ती हसली. खरं हसली, आणि तेवढ्यावरनं तरी मला कळायला हवं होतं.

स्वयंपाकघरात आई पीठ मळत होती. मी मोगरी घेऊन तिच्यासमोर बसले. तिनं वर पाहिलं नाही. म्हणाली, "दोन्ही बाजू एकाच हाताच्या हायेत."

"म्हंजी?"

"म्हंजी काय? तू थापलेली भाकरी आन् मी थापलेली भाकरी मला अंधारात वळखू येती. तुझा हात कडंला दाबतो. ल्हानपनापासनं दाबतो. ह्या डाव्या बाजूला कुठंच न्हाई दाबलेलं."

मी उठले ते सरळ दुकानामागं गेले. भंगारात जुनी बॉनेटं एकावर एक पडलेली असायची. तिसऱ्या बॉनेटखाली माझा खरा तुकडा सापडला. पिवळा-तपकिरी, कडा आत वळलेल्या, मधोमध हातभर तडा गेलेला, करपल्यासारखा वास. आणि मागं 'मं'. माझा 'मं', वाकडा, टिंब एका बाजूला कलंडलेलं. शेजारी मातीत पडलेलं निळं झाकण उचललं, आत बोट घातलं तर तळाशी निम्म्यापर्यंत मेण भरलेलं. माप निम्मं करून ठेवलेलं होतं तिनं, उन्हाळ्यासाठी. माझं माप तिच्या मापाच्या दुप्पट झालं होतं, म्हणूनच तुकडा तापून करपला. फटीतून मला झाकणाचा काठ दिसला होता, तळ दिसला नव्हता.

नंदा धुण्याच्या दगडाशी होती. मी तो करपलेला तुकडा तिच्यापुढं टाकला. तिनं साबणाचा हात थांबवला नाही.

"धूर निघाया लागला हुता तुम्ही गेल्यावर," ती म्हणाली. "काढस्तोवर साचा पन गेला. मग माझेच पुठ्ठे उलटे करून दुसरा केला. दिवसभर ऊन हुतं, वाळलं बिगीबिगी."

"माझी कीव आली व्हय तुला?"

"तुझ्यासाठी न्हाई केलं. मामानं बापूंना तारीख दिली हुती. मामाचं नाव गेलं आसतं."

"मग 'मं' कशाला कोरलास?"

तिनं साबण दगडावर ठेवला. "तू जीपमधी बसताना लई खूश दिसली. मी आल्यापासनं तुला खूश बघितलंच नव्हतं." मग कपडा पिळत म्हणाली, "इचारलं आसतंस तर सांगितलं आसतं, मंगल. मी कवा न्हाई म्हनले?"

आता वाचणाऱ्याला वाटेल की मी रडले, तिच्या गळ्यात पडले, आप्पांना जाऊन सांगितलं. नाही. माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही की तिनं कोरलेला 'मं' माझ्या 'मं'पेक्षा सुबक होता. माझं नावसुद्धा तिला माझ्यापेक्षा चांगलं लिहिता येत होतं. मी तो तुकडा उचलला, त्याचे हातोड्यानं तुकडे केले आणि नदीकडेच्या खड्ड्यात टाकून आले. मोगरी उशाशी ठेवून झोपले. सांगायला चार दिवस होते माझ्याकडे. पाचव्या दिवशी कुरकुंभच्या दुसऱ्या कारखान्याचा निरोप आला असं म्हणून नंदानं दोन पिशव्या भरल्या. आप्पा म्हणाले, राहा की, दोघी मिळून करा. ती म्हणाली, "मोगरी एकच हाय की मामा." आप्पा हसले, त्यांना ती थट्टा वाटली. निघताना तिनं ते मेण भरलेलं निळं झाकण माझ्या हातात ठेवलं. मी घेतलं. दौंडच्या एसटीत तिला बसवून आप्पा परत आले आणि त्या दिवशी पहिली भाकरी माझ्या ताटात पडली. आईनं ती लांबूनच टाकली.

आईनं आप्पांना कधी सांगितलं नाही. पुढं कितीतरी वर्षं मी कोपरे केले, फायबरचे पण केले, हळूहळू शिकले, चांगले केले. आई यायची, फडकं टाकायची, हात फिरवायची, "गप हाय" म्हणायची. पण माझ्या कामावर हात फिरवताना तिनं त्यानंतर कधी डोळे मिटले नाहीत. दुसऱ्या कुणाला ते लक्षातही आलं नसेल. मला दर वेळी आलं. आणि आप्पा येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, मांडवगणच्या बापूंच्या लाल गाडीची डावी बाजू माझ्या पोरीनं केली. आजारपणात अंथरुणाला खिळले तेव्हा सलाईन लावायला आलेल्या नर्सला पण सांगितलं. मी पाय चेपत बसले होते. चेपत राहिले.

मागच्या हिवाळ्यात बापूंचा फोन आला. आता ते पोट सुटलेले, केस रंगवणारे गृहस्थ, मुलगा कॉलेजात. त्या मुलाला त्याच्या गाडीची मागची बाजू तशीच करून हवी होती. "येऊन बघून जा, मंगलताई," म्हणाले. गेले. लाल गाडी गोठ्याच्या शेजारी पत्र्याखाली उभी होती. पुढची बाजू गंजून खाली बसलेली, बॉनेटला भोकं, एका निखळलेल्या दिव्याच्या खोबणीत कोंबडीनं घर केलेलं. मागची बाजू मात्र होती तशी. रंग विटला होता, पण फायबरला गंज कुठला? बापू कौतुकानं म्हणाले, "आप्पा सांगायचे न्हवं, डावी बाजू माझ्या पोरीची. बघा, वीस वर्सं झाली, केसभर हललेली न्हाई." मी डिकी उघडायला लावली, वाकून आत हात घातला. 'मं' तिथंच होता. सुबक, टिंब बरोबर मधे.

मग मी चष्मा काढला, ओढणीचं टोक डाव्या कोपऱ्यावर टाकलं आणि डोळे मिटून तळहात वरून खाली नेला. गप होतं. इतक्या वर्षांनी, इतक्या उन्हापावसानंतर गप होतं. आणि मी पुन्हा तशीच जळले, बाजेवरची खोबरेल तेलाची वाटी आणि दारात उभी असलेली मी, सगळं जसंच्या तसं. माझे स्वतःचे शेकडो कोपरे या रस्त्यावर फिरतात. त्यातला एकही इतका गप नाही, हे मला कुणी सांगायची गरज नाही.

"बापू," मी म्हटलं, "ही बाजू माझी न्हाई. दोन्ही बाजू नंदाच्या हायेत."

बापूंनी डोळे बारीक केले. "कोन नंदा?"

ते मला ऐकावं लागलं. वीस वर्षांत त्या गाडीमागं उभं राहून ज्यानं ज्यानं वाहवा केली, त्यातल्या कुणालाच ते नाव माहीत नव्हतं, आणि ते माझ्यामुळे. मी म्हटलं, माझी आतेबहीण, दौंडला असते, फायबरचं तिचं स्वतःचं दुकान आहे, हे काम तिला द्या. बापू म्हणाले, नंबर सांगा. मोबाईल काढून अंगठा तयार ठेवून उभे राहिले. नंबर मला पाठ होता, लग्नाकार्याला फोन होतात आमचे, दुसरं काही बोलत नाही. मी एकेक आकडा सांगत गेले. शेवटच्या आकड्याशी थांबले.

"पुढं?" बापू म्हणाले. "आठवंना व्हय?"

आठवत होता. चांगला आठवत होता. पत्र्याखालची ती कोंबडी खोबणीतून बाहेर आली, अंगणभर फिरली, तरी मी उभीच. मग सांगितला.